आप्पांचा उपास

प्रश्न : माझे सासरे, आप्पा, 68 वर्षांचे आहेत. अडीच वर्षांपूर्वी विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले, डाव्या मांडीचं हाड मोडलं. रॉड टाकला, हाड जुळलं, पण गुडघा पुरता वाकत नाही आणि पाय थोडा आखूड झालाय. घरात काठीशिवाय चालत नाहीत. लग्नकार्यात पंगत बसली की ‘मला आज उपास हाय’ म्हणून बाहेर खुर्चीवर बसून राहतात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी नेलं, तर डॉक्टरांना म्हणाले, ‘काही नाही साहेब, समदं करतो, शेतात बी जातो.’ काठी जीपमध्येच ठेवली होती. 30 टक्के लिहून आले. आता भावकी म्हणते, पुढच्या बारीला उचलूनच न्या, बोलूच देऊ नका. एक एजंट पाच हजारांत काम करून देतो म्हणतो. काय करावं?
– एक सून, केज तालुका

उत्तर : ताई, उचलून अजिबात नेऊ नका. मी लातूरकडं फिजिओथेरपिस्ट होते, अशा शिबिरांत 22 वर्षं सांध्याचा कोन मोजायची पट्टी घेऊन बसले. माणूस टेबलापुढं आल्यावर नाही, दारातून आत येतानाच आमची तपासणी सुरू व्हायची. चप्पल कशी काढतो, खुर्चीत बसताना कोणत्या हातावर भार देतो, सगळं दिसतं. एकदा एक गृहस्थ दोन पोरांच्या खांद्यावरून आले आणि तासाभरानं टपरीपाशी उभे राहून बशीनं चहा पिताना आमच्याच डॉक्टरांना दिसले. त्यांचं जे व्हायचं ते झालं. पण त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येक खऱ्या लंगड्या पायाकडंही डॉक्टर संशयानं बघत राहिले, याचा मला आजही राग येतो. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 91 आहेच: खोटेपणानं लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एजंटाला दारातूनच परत पाठवा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा असतो, सेतूवाला भरून देतो.

पण आप्पांनीही खरं सांगितलं नाहीच की. त्यांचं खोटं उलट्या बाजूचं, एवढंच. त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही, कारण माझ्या आईनं हेच केलं. तिला कानाच्या तपासणीला नेलं होतं. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडं मशीन चालवणाऱ्या पोराचा हात हलला की आई बटण दाबायची. बाहेर आल्यावर मला म्हणते, ‘एक बी चुकलं नाही बघ.’ पास झालेल्या पोरीसारखा चेहरा. रिपोर्ट अर्थातच चांगला आला, आणि घरी आल्यावर दारावरची कडी वाजली ती तिला ऐकू आली नाही. मी याच कामातली, पण ही परीक्षा नाही, इथं पास व्हायचं नसतं, हे तिला आधी सांगायचं मलाच सुचलं नव्हतं.

आप्पांना हे सांगा. त्यांच्या पायाचे टक्के काढताना सांधा किती वाकतो ते मोजतात, टेपनं दोन्ही पायांची लांबी घेतात, आणि पाय भार किती पेलतो ते बघतात: सपाट जागेवर चालणं, चढ, पायऱ्या, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघ्यावर बसणं, वळणं. म्हणजे त्यांचा तो पंगतीतला उपास थेट या कागदावर येतो. तिथं ‘उपास’ म्हणून चालत नाही, ‘मांडी घालता येत नाही’ असंच म्हणावं लागतं.

आता ‘शेतात जातो’ हे काही खोटं नसेल. पण कसं जातात? बांधावर किती वेळा टेकतात? आल्यावर संध्याकाळी गुडघा सुजतो का, शेकून कोण देतं? आंघोळ स्वतः करतात म्हणजे बादली कोण आणून ठेवतं, डाव्या पायाच्या बोटांपर्यंत हात पोचतो का, पायजम्यात तो पाय कोण घालून देतं? संडासला खाली बसता येतं, की तुमच्याकडंही प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडलंय? बऱ्याच घरांत असतं, आणि बोर्डापुढं कुणीच त्याचं नाव काढत नाही. आठ दिवस एका वहीत हे रोजच्या रोज लिहा. चांगला दिवसही लिहा. एखाद्या सकाळी काठीशिवाय अंगणात फिरले तर तेही. डॉक्टरांनी ‘जिना चढता का’ विचारलं तर नुसतं ‘हो’ म्हणू नये. ‘कठडा धरून, एक एक पायरी, दोन्ही पाय एकीवर ठेवत’ असं पूर्ण सांगावं. आणि सुनेसमोर ते संडासचं काही बोलणार नाहीत, तेव्हा त्या दिवशी आत तुमच्या मालकांना पाठवा.

एवढं खरं सांगूनही 40 टक्के होतीलच, असं मी म्हणणार नाही. झाले नाहीत तर 40 च्या आतल्यांचं पांढरं दिव्यांग कार्ड राहील आणि दिव्यांगांच्या बहुतेक योजना त्यावर मिळत नाहीत. टक्के पटले नाहीत तर याच कायद्याच्या कलम 59 प्रमाणं अपील करता येतं. जुने एक्सरे आणि ऑपरेशनचे कागद जपून ठेवा.

पण पैशासाठी त्या कार्डाचीच वाट बघू नका. संजय गांधी योजना 65 पर्यंतच, आप्पा त्यापुढं गेले. त्यांच्यासाठी श्रावणबाळ. ती वय आणि उत्पन्नावर मिळते. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, टक्के लागत नाहीत. अर्ज तहसीलला. महिन्याला 1,500 रुपये, आणि दिव्यांग असल्यास ऑक्टोबर 2025 पासून 2,500. एसटीत वयामुळं अर्धं तिकीट आहेच, 75 नंतर फुकट. 40 टक्क्यांचं कार्ड झालं तर आजच 75 टक्के सूट. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, ते ग्रामसेवकाला विचारा. जरा मोठ्यानं विचारा, आमच्याकडं त्यांना हा प्रश्न सहसा ऐकू येत नाही.

तपासणीला जाताना आप्पांना सैल धोतर किंवा पायजमा घाला, म्हणजे गुडघा उघडा करायला सोपं जातं. घरातलीच जुनी चप्पल असू द्या. आखूड पायाची टाच कशी झिजलीय ते तिच्यावर दिसतं. आणि जीपमधून उतरताना काठी त्यांच्या हातात आहे ना, तेवढं बघा.