स्वर्गात आपली माणसं ओळखू येतील का? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही बेळगाव कॅम्पात राहतो, घरात वारकरी वळण. शेजारच्या ख्रिश्चन काकी वारल्या, मातीला गेलो तर फादर म्हणाले काका-काकी पुन्हा भेटणार, शरीरासकट उठणार. मला वाटायचं त्यांचा स्वर्ग पण आपल्यासारखाच, पुण्य आहे तोवर राहायचं आणि संपलं की परत खाली. काय मानतात नेमकं? आणि काका तर ऐन तरुणपणी गेलेत, ओळखणार कसं एकमेकांना?

उत्तर : दादा, परत खाली यायचा विषयच नाही, कारण तिथला मुक्काम पुण्याच्या जोरावर नसतो, तो देवाच्या कृपेनं मिळतो आणि कृपा संपत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मेल्यावर आत्मा प्रभूजवळ जातो एवढंच बरेच ख्रिश्चन लोकसुद्धा धरून बसतात, पण ती अर्धीच गोष्ट झाली. रविवारी चर्चमध्ये सगळे उभं राहून आपला विश्वास बोलून दाखवतात त्यात शरीराचं पुनरुत्थान येतं की, फादर तेच म्हणाले.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, २१व्या अध्यायात बघा, तिथं माणसं वर ढगात जाऊन बसत नाहीत, उलट नवीन यरुशलेम नगरी वरून खाली येते आणि देव माणसांत राहायला येतो, त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पुसतो, मग मरण नाही, रडणं नाही. १२ वेशी, एकेक वेस एकेका मोत्याची, आणि त्या कधी बंद होत नाहीत. नगरीची लांबी, रुंदी, उंची सारखीच, साधारण २,२०० किलोमीटर. हा आकडा टेप लावून मोजायचा नाही. जुन्या यरुशलेमच्या मंदिरात परमपवित्र स्थान, म्हणजे अगदी आतला गाभारा, असंच तिन्ही बाजूंनी सारखं होतं, २० हात, आणि तिथं फक्त महायाजक, म्हणजे मुख्य पुरोहित, जायचा, तोही वर्षातून एकदा. आता अख्खी नगरीच परमपवित्र स्थान झाली, म्हणून तिथं वेगळं मंदिर नाही. मला स्वतःला हे त्या नगरीतल्या सोन्याच्या रस्त्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

आता ओळखीचं. येशू मरणातून उठला तेव्हा त्याच्या मागं चालणाऱ्या मरिया मग्दालियाला आधी तो माळी वाटला, नावानं हाक मारली तसं तिनं ओळखलं. त्यानं शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, थोमा नावाच्या शिष्याला जखमा दाखवल्या. म्हणजे माणूस तोच, शरीर तेच पण बदललेलं. बायबलमधली पत्रं लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, पेरतो तो नुसता दाणा आणि उगवतं ते वेगळंच. वयाबद्दल बायबल गप्प आहे, जुन्या काळचे चर्चचे विचारवंत संत ऑगस्टीन यांना वाटायचं सगळे तिशीच्या आसपासच्या भरात उठतील, पण ते त्यांचं मत. एक मात्र बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकात २२व्या अध्यायात स्पष्ट आहे, तिथं लग्नसंबंध नाहीत. काकींसारख्या बाईला हे ऐकून वाईट वाटलं असतं, पण त्याचा अर्थ माया कमी होते असा अजिबात नाही.

प्रश्न : मी निपाणीची, कॉलेजला आहे. घरी कोंकणी, शाळा कन्नडमधून झाली, मैत्रिणींशी मराठी. स्वर्गात कुठली भाषा असेल?

उत्तर : बाळा, सगळ्याच! प्रकटीकरण ७:९ मध्ये ते पुस्तक लिहिणाऱ्या योहानाला सगळ्या राष्ट्रांचे, सगळ्या भाषांचे लोक सिंहासनासमोर दिसतात, एवढे की कुणाला मोजता येईनात. भाषा पुसून एक केली असं कुठंच नाही. आणि शेवटच्या अध्यायात जीवनाच्या झाडाची पानं कशासाठी आहेत तर राष्ट्रांना बरं करायला. १९५६ पासून आपल्या भागात मराठी-कन्नड वादात बोर्डावरच्या अक्षरांवरून किती डोकी फुटली ते घरच्या मोठ्यांना विचार, मग ही ओळ पुन्हा वाच.

प्रश्न : वडील आयुष्यभर चर्चला गेले नाहीत, दारू होती. शेवटच्या आठवड्यात मात्र रडून प्रार्थना करत होते. ते कुठं असतील? (खानापूर तालुका)

उत्तर : भाऊ, कुणाचा निवाडा करायचा अधिकार मला नाही, पण बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाचा २३वा अध्याय वाचा. येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या गुन्हेगाराकडं कसलंच पुण्य नव्हतं, भरपाई करायला वेळही नव्हता, तो फक्त म्हणाला माझी आठवण ठेव, आणि येशू म्हणाला, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. तुमच्या वडलांनी तेच मागितलं. तुम्ही कॅथलिक असाल तर २ नोव्हेंबरला मेलेल्यांच्या आठवणीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, असते तिथं त्यांचं नाव द्या, मेलेल्यांसाठी प्रार्थना उपयोगी पडते असं कॅथलिक चर्च मानतं. मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या त्या पंथाचे, असाल तर ही प्रथा नसेल, मग वडलांसाठी देवाचे आभार माना, आणि आईला हा अध्याय वाचून दाखवा.