इफिससला 'यवनांचे शहर' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: तुर्कस्तानातल्या इफिससच्या अवशेषांवर मराठीत लिहिताना 'यवनांचे शहर' म्हटले तर चालेल का? यवन म्हणजे मुसलमान ना?

व्युत्पत्ती पाहिली तर नक्कीच चालेल. ज्यांच्यावरून 'यवन' हा शब्द आला, त्यांचेच हे शहर. एजियन समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर आयोनियात ग्रीकांची बारा शहरे गणली जात, त्यांतले इफिसस एक. या लोकांचे जुने नाव 'इआवोनेस'. पुढे त्यांच्याच बोलीतून 'व' गळाला आणि 'ईओनेस' उरले. इ.स.पू. सहाव्या शतकात इराणी साम्राज्याने हा किनारा जिंकला. इराण्यांचा पहिला जवळचा संबंध आला तो याच ग्रीकांशी, म्हणून सगळ्याच ग्रीकांना ते 'यौन' म्हणू लागले. पहिल्या दारियसच्या शिलालेखांत हे नाव आहे. आपल्याकडे संस्कृतात ते 'यवन' आणि अशोकाच्या लेखांत 'योन' म्हणून दिसते. खुद्द आयोनियनांनी टाकलेला 'व' आपण अजून उच्चारतो, ही मला या शब्दातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. अरबीत त्याचे 'यूनान' झाले, म्हणजे 'युनानी औषध' आणि 'यवन' ही सख्खी भावंडे. तुर्कीत ग्रीसला आजही 'युनानिस्तान' म्हणतात.

अर्थ मात्र फार लवकर सैल झाला. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे त्यांवरच कोरले आहे, पण दात्यांची नावे सिहधय, धम्म अशी भारतीय वळणाची. हे लोक नेमके ग्रीक वंशाचे होते, असे केवळ 'यवन' शब्दावरून ठरवू नये. पश्चिमेकडून येणारा कोणीही परका यवन ठरत गेला, आणि मध्ययुगीन मराठीत मुसलमानांसाठी हा शब्द रुळला. म्हणूनच आजच्या वाचकाची गफलत होते. लेखात पहिल्याच वापराला 'यवन, म्हणजे आयोनियन ग्रीक' असा खुलासा करा.

दुसरी काळजी काळाची. इ.स.पू. 356 मध्ये जळालेले आर्टेमिसचे मंदिर यवनांचे म्हणा. तिथे आता एकच उभारलेला खांब दिसतो. पण सेल्ससच्या ग्रंथालयाचा दुमजली दर्शनी भाग इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, शहर रोमच्या आशिया प्रांताची राजधानी असतानाचा. लोक ग्रीकच बोलत, पण सत्ता रोमन होती; तिथे 'रोमनकालीन' हाच शब्द नेमका.

आणि रहिवाशांसाठी नवा शब्द घडवायची गरजच नाही. मराठी बायबलमध्ये पौलाचे 'इफिसकरांस पत्र' आहे. सातारकर, नगरकर, तसे इफिसकर.