वाण म्हणून वाटलेला कॉसमॉस

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीत बागप्रेमी बायकांचा गट आहे. मागेच टेकडी आहे. एकीने पिवळ्या कॉसमॉसचं किलोभर बी जमवलंय आणि जूनमध्ये ते टेकडीवर फेकायचं ठरलंय. हे झाड रान बळकावतं असं मी म्हटलं, तर सगळ्या तुटून पडल्या. "फुकटात टेकडी सजते, फुलपाखरं येतात, तुझ्या का पोटात दुखतंय?" आता गटात माझ्याशी कोणी धड बोलत नाही. यांना कसं पटवू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी माझी कबुली ऐका. २५ वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून कॉसमॉसच्याच पुड्या वाटल्या होत्या. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या, चाळीसेक. बाकीच्या प्लास्टिकच्या डब्या देतात, मी बघा कसं जिवंत वाण देते, असा तोराही होता. तेव्हा मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत होते, म्हणजे 'माहीत नव्हतं' ही सबबसुद्धा मला नाही. आज आमच्या मागच्या उतारावर सप्टेंबरात नारिंगी गालिचा असतो आणि लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. त्यातला माझ्या पुड्यांचा वाटा किती, देव जाणे.

हे सांगितल्यावर समोरचीचा आवाज खाली येतो, असा माझा अनुभव आहे. तुम्ही 'रान बळकावतं' म्हणालात, आणि त्यांना ते स्वतःलाच उद्देशून वाटलं. बाग करणाऱ्या बाईला तिचं झाड वाईट म्हणणं म्हणजे तिच्या हाताला चव नाही म्हणण्यासारखं आहे.

'परदेशी' हा शब्दही टाळा. झेंडू मेक्सिकोचा आणि कॉसमॉसही तिथलाच. पण झेंडूने दसऱ्याचं तोरण धरलं, टेकडी बळकावली नाही. जास्वंद, मिरची, टोमॅटो यांच्यावर आपला काय राग आहे? बघायचं एवढंच, की झाड लावलं तिथेच राहतं की कुंपण ओलांडून स्वतःचं स्वतः पसरतं.

कॉसमॉस कसं पसरतो ते हातात घेऊन दाखवा. वाळलेल्या फुलाचं बी म्हणजे काळसर, सुईसारखं, लांब चोचीचं. चोचीच्या टोकाला बहुधा दोन बारीक काटे असतात. मोज्यावर ठेवून ओढून बघायला सांगा. माझ्या एका मैत्रिणीने साडीच्या काठातून अशा सुया वेचून काढल्या आणि मगच तिला पटलं. तोवर माझं अर्धा तासाचं व्याख्यान वाया गेलं होतं.

मग पावसाळ्यात सगळ्यांना टेकडीवर न्या. सुतळीचे दोन सारखे चौकोन करा, एक कॉसमॉसच्या दाटीत टाका, एक बाहेरच्या गवतात. आत किती जातीची झाडं दिसतात ती नुसती मोजा. आम्ही मोजली तेव्हा बाहेर कवला, तेरडा, विष्णुक्रांता, दोन-तीन तऱ्हेचं गवत करत दोन्ही हातांची बोटं संपली, आणि आत एका हाताचीही उरली. म्हशी घेऊन आलेले एक आजोबा आमची मोजणी बघत होते. म्हणाले, "ह्याला जनावर तोंड लावत न्हाई." चौकोनांपेक्षा त्या एका वाक्याने जास्त काम केलं.

फुलपाखरांचं उत्तर मात्र सरळ द्या, ती येतात हे खरंच आहे. मध प्यायला येतात. पण अंडी घालायला त्यांना त्यांची ठरलेली झाडं लागतात. लिंबाचं फुलपाखरू लिंबू-कढीपत्त्यावर जातं आणि पट्टेदार अळीवालं नारिंगी फुलपाखरू रुईवर. नुसत्या खानावळीवर गाव वसत नाही, घरंही लागतात.

आता त्या किलोभर बियांचं. नुसतं 'फेकू नका' म्हणालात तर गट फुटेल. ज्यांना हवाच आहे त्यांनी गच्चीत कुंडीत दोन रोपं लावावीत आणि फूल सुकायला लागताच खुडावं. उरलेलं होळीत टाका, होळी येतेच आहे. आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. पिवळी कोरांटी फांदीवरून लागते, तेरड्याचं बी कुंडीतल्या झाडाचं सहज मिळतं. टेकडीवरची रोपं मात्र उपटून आणू नका, नाहीतर कॉसमॉस बरा म्हणायची पाळी येईल.

प्रश्न : वेडेलिया, म्हणजे ती पिवळ्या फुलांची जमिनीवर पसरणारी वेल, दर वर्षी कापते, तरी दुप्पट होते.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कापता म्हणूनच होते. तिच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात, कोयत्याने केलेला तुकडा म्हणजे नवं रोप. पावसाने माती मऊ झाली की मुळासकट ओढा आणि अंगणातल्या फरशीवर कडकडीत वाळवा. पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकू नका, पाणी ती खालच्या वाडीला पोचवेल. तिच्या जागी ओलसर सावलीत कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी, लावा. चटणीही होईल.

प्रश्न : घर बदलतोय. टबातली जलपर्णी जवळच्या तळ्यात सोडली तर चालेल ना? जिवंत झाड फेकवत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही चालणार. तुमची माया कळते, पण सगळा घोळ अशाच मायेतून झालाय. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती बंगालमध्ये जांभळ्या फुलांच्या हौसेपायी आली आणि १९३६ साली तिच्यासाठी तिथे वेगळा कायदा करावा लागला. भातशेती आणि होड्यांच्या वाटा, दोन्ही तिने अडवल्या होत्या. आपली मुळा-मुठा आणि इंद्रायणी तुम्ही उन्हाळ्यात पाहिलीच असेल.

झाडं गच्चीत उन्हात पसरा, चुरचुर वाजेपर्यंत वाळू द्या, मग कुंड्यांत आच्छादन म्हणून घाला. टबाच्या तळाचा गाळही नाल्यात ओतू नका, त्यात बी असतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. गाळ वाळवून कुंडीच्या तळाशी भरा. नव्या घरी टब भरलात तर कुमुदाचा एखादा कंद मागून आणा. फूल दिसायला वेळ लागेल, तेवढा धीर धरा.