अडीच-तीन वर्षांच्या मुलाला वर-खाली, आत-बाहेर, मागे-पुढे हे घरी कसं शिकवावं? चांगली कार्डं किंवा ॲप सुचवाल का?

कार्डं नका घेऊ, ॲप तर अजिबात नको. चित्रातला चेंडू टेबलाखाली असला काय नि वर असला काय, पोराला तो काढून खेळायचा थोडाच आहे.

माझा मुलगा 3 वर्षांचा होता तेव्हाची दिवाळी. मोठ्या नणंदबाई कार्डांचा सेट घेऊन आल्या होत्या आणि दोन दिवस त्याला समोर बसवून विचारत होत्या, सांग बॉल कुठे आहे, आत की बाहेर. तो गप्प. मग सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, अगं याला वर-खाली पण कळत नाही अजून, तू बोलतेस की नाही याच्याशी? फार लागलं मला ते. दिवसभर बोलायचे मी, पण आपण घरात बोलतो काय, "ते तिथलं दे", "हे तिकडे ठेव", आणि बोट दाखवतो. पोरगं बोट बघतं, शब्दाची त्याला गरजच पडत नाही.

हे कळलं किल्ला करताना. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात, बोट दाखवणार कसं, म्हणून सगळं तोंडानेच सांगावं लागत होतं, पोत्याखालची वीट आण, बादलीतला मग दे, अळिवाची पुडी कुंडीमागे आहे बघ. आधी भलतंच आणायचा, मी परत सांगायचे, संध्याकाळपर्यंत बरोबर आणायला लागला. मावळे मांडताना तर स्वतःच सुरू झाला, हा बुरुजावर, हा दरवाज्यात, वाघ गुहेत. "घोडावर" म्हणाला तर मी नुसतं "हो, घोड्यावर बसव" म्हणायचे, टोकायचे नाही. आपल्याकडे हे शब्द नावाला चिकटतात आणि नावही बदलतं, पोतं-पोत्याखाली, गुहा-गुहेत, म्हणजे पोरांना दुप्पट काम.

तेवढ्यात ताई, म्हणजे त्याच नणंदबाई, समोरच्या पायरीवर येऊन बसल्या, म्हणाल्या मावळा दगडाच्या मागे ठेव. त्याने ठेवला. "चुकलं, पुढे ठेवलास." मी उठून त्याच्या शेजारी उकिडवी बसले तर तिथून नुसता दगड दिसत होता, मावळा पार लपलेला. बरोबर होतं हो त्याचं! वाघाला तोंड-शेपूट असतं, त्याची मागची बाजू कुठूनही तीच, दगडाला कुठलं पुढचं-मागचं, आपण बसू त्यावर ते ठरतं. घर पाहुण्यांनी भरलेलं म्हणून तेव्हा गप्प बसले, पण चूक ताईंची होती, त्यांनी एकदा या बाजूला येऊन बघायला हवं होतं.

बाकी आत, वर, खाली आधी येतं, मागे-पुढे नंतर. डावं-उजवं 6-7 वर्षांपर्यंत सोडून द्या, समोरच्या माणसाचं डावं-उजवं तर त्याहून उशिरा. किल्ला वर्षातून एकदाच, रोजचं म्हणाल तर भांडी लावताना, धुतलेले कपडे ठेवताना त्याला हाताशी घ्या.

हां, एक मात्र आहे, 3 वर्षं होऊनही "डब्यात टाक", "खुर्चीवर ठेव" एवढंही समजत नसेल तर वाट बघत बसू नका, आधी कान तपासून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. घरी करून बघताना बोट तर नाहीच, त्या जागेकडे बघायचं पण नाही, मुलं आपली नजर बरोबर पकडतात.