वायफाय जोडलेले दिसते, पण इंटरनेट चालत नाही. राउटरमध्ये काय तपासावे?

आधी दोष वायफायचा की बाहेरून येणाऱ्या लाइनचा, ते ठरवा. लॅपटॉप केबलने राउटरच्या लॅन पोर्टला (घरातली उपकरणे जोडायची खाच) जोडा. केबलवर नेट व्यवस्थित चालले तर लाइन ठीक आहे, गडबड वायफायमध्ये आहे. अशा वेळी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या फ्रिक्वेन्सी पट्ट्यावर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे निवडा. राउटरजवळ असाल तर सरळ ५ गिगाहर्ट्झ वापरा.

केबलवरही बंद असेल तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडा (नेमका पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो) आणि वॅन स्टेटस (बाहेरून येणाऱ्या लाइनची स्थिती) पाहा. खरे उत्तर बहुतेकदा इथेच सापडते. आयपी ०.०.०.० दिसत असेल तर राउटरला बाहेरून पत्ताच मिळालेला नाही: वॅन केबल घट्ट बसवा, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने सुरू होणारी जोडणी) असल्यास युजरनेम-पासवर्ड तपासा, तरीही तसेच राहिले तर इंटरनेट कंपनीला कळवा. आयपी आहे, ८.८.८.८ ला पिंग (उत्तर येते का पाहणारा चाचणी-संदेश) जातो, पण साइट उघडत नाहीत? मग डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी सेवा) बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका.

एक कळकळीची विनंती, मागचे रिसेट बटण घाईने दाबून धरू नका. त्याने पीपीपीओईसकट सगळी सेटिंग पुसली जाते. रीस्टार्टसाठी पॉवर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणे पुरेसे आहे.