प्रोमिथियसच्या खडकाभोवती कोण कोण होतं

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

एकांकिकेचा मसुदा मिळाला. देवांची आग माणसांसाठी चोरणारा आणि त्यापायी देवराज झ्यूसनं खडकाला जखडलेला ग्रीक पुराणातला प्रोमिथियस हा विषय तू निवडलास याचा मनापासून आनंद झाला. पण पडदा उघडल्यापासून तो बोलतोच आहे. झ्यूसला आव्हान, माणसाचा जयजयकार, पुन्हा आव्हान. तुझी भाषा दमदार आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: पहिली चार पानं काढून टाक आणि तिथे त्याला गप्प ठेव.

प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या नावावर असलेलं ‘प्रोमिथियस बाउंड’ हे नाटक तू वाचलं आहेस. (ते त्याचंच की आणखी कुणाचं, हा वाद अभ्यासकांत अजून मिटलेला नाही. तुझ्या कामाला त्यानं फरक पडत नाही.) त्याची फक्त सुरुवात पुन्हा वाच. जगाच्या टोकाला, स्किथियाच्या ओसाड कड्यावर तिघे जण एका कैद्याला घेऊन येतात: सत्तेचं मूर्त रूप असलेला क्रातोस, बळजबरीचं मूर्त रूप असलेली बिया आणि देवांचा लोहार हिफेस्टस. चोरीला गेलेली आग हिफेस्टसची. राग यायचा तर सर्वांत आधी त्याला यायला हवा. पण हातोडा त्याच्या हातात आहे आणि जीवही त्याचाच तुटतो आहे. तो स्वतःच्या कसबाचा धिक्कार करतो आणि खिळे ठोकत राहतो. क्रातोस शेजारी उभा राहून बजावतो, आणखी घट्ट कर, कुठे ढिलं सोडू नकोस, छातीतून पाचर आरपार जाऊ दे. बिया एक शब्द बोलत नाही. आणि पहिल्या 87 ओळींत प्रोमिथियसही बोलत नाही. छळणाऱ्यांसमोर तो हूं की चूं करत नाही. ते निघून गेल्यावर आकाश, वारे, नद्या, समुद्र, पृथ्वी आणि सूर्य यांना साक्षी ठेवून तो तोंड उघडतो.

इतकं मोठं बंड नाटककारानं मौनानं सुरू केलं, याचा विचार कर. बंडखोर किती मोठ्यानं ओरडतो यावरून या कथेत काहीच ठरत नाही. त्याच्याजवळ येऊन कोण काय करतं, यावरून सगळं ठरतं. तुझ्या मसुद्यात नेमकं हेच हरवलं आहे. तिथे प्रोमिथियस आहे, झ्यूसचा आवाज आहे, आणि मध्ये कुणी नाही.

मूळ नाटकात मध्ये बरेच जण आहेत. जलदेव ओशनस येतो. भला आहे, नात्यातला आहे. नवा राजा आला आहे, तूही बदल, जिभेला आवर घाल, मी तुझ्यासाठी शब्द टाकतो, असं सांगतो. आपल्या घराघरांतली वडीलधारी माणसं पोटतिडकीनं हेच सांगतात. त्याला खलनायक करू नकोस. त्याचं बोलणं प्रेक्षकांना पटलं पाहिजे, तरच प्रोमिथियसच्या नकाराला वजन येईल. ओशनसच्या मुलींचा कोरस, म्हणजे एकत्र गाणारा-बोलणारा वृंद, सुरुवातीला नुसता हळहळतो, मध्येच प्रोमिथियसला दोषही देतो. शेवटी झ्यूसचा दूत हर्मिस त्यांना धमकावतो: आता वीज कोसळणार, बाजूला व्हा. त्या होत नाहीत. संकटात साथ सोडणाऱ्यांचा आम्हाला तिरस्कार आहे, जे भोगायचं ते याच्यासोबत भोगू, असं म्हणून तिथेच थांबतात. आतापर्यंत भ्यालेल्या या मुलींचा तो निर्णय मला प्रोमिथियसच्या कुठल्याही भाषणापेक्षा मोठा वाटतो.

आणि आयो. तिला तू पूर्ण वगळलंस, याचं फार वाईट वाटलं. सुमारे 1100 ओळींच्या नाटकात 300 हून जास्त ओळी तिच्या प्रवेशाला दिल्या आहेत. झ्यूसची नजर तिच्यावर पडली. देववाणीला घाबरून बापानं तिला घराबाहेर काढलं. आता डोक्यावर गायीची शिंगं घेऊन, गोमाशीचे दंश सोसत ती देशोदेशी धावते आहे. प्रोमिथियसनं ज्या माणसांसाठी हे सगळं केलं, त्यांच्यापैकी रंगमंचावर येणारी ती एकटी. बाकी सगळे देव. तो जखडलेला, तिला थांबता येत नाही, आणि दोघांना छळणारा एकच. तिच्या तेराव्या पिढीत जन्मणारा वंशज आपल्याला सोडवील, हे तो तिलाच सांगतो. त्याला पुढे सोडवणाऱ्या वीर हेराक्लीसपर्यंत जाणारा धागा हा. आयो नसेल तर तुझ्या एकांकिकेतला ‘माणूस’ हा शब्द नुसता घोषणेत उरतो.

आता हेसिअडकडे जा. इ.स.पू. 700 च्या सुमाराचा हा कवी शेतकऱ्यांच्या जगातला. त्याच्याकडे प्रोमिथियस नायक नाहीच. बैलाचे वाटे करताना तो मांस पोटाच्या पिशवीत दडवतो आणि हाडांवर चकाकती चरबी पांघरून झ्यूसपुढे ठेवतो. झ्यूस चिडून माणसांपासून आग लपवतो, हा ती बडीशेपेच्या जातीच्या पोकळ देठात दडवून पळवतो, आणि शिक्षा म्हणून माणसांच्या वाट्याला देवांनी घडवलेली पहिली स्त्री पँडोरा येते, कष्ट येतात, रोग येतात. देवाला फसवायला गेला एक आणि राबतो आहे मी, असा हा सूर. हे ऐकल्याशिवाय पुढचं लिहू नकोस. बंडाची किंमत बंडखोराखेरीज इतरांनीही मोजली, हे म्हणणारा आवाज एकांकिकेत कुठेतरी हवा.

पुढच्या लेखकांकडे गेलास तर त्यांनी खडकाभोवती कुणाला ठेवलं, तेवढं बघ. जर्मन कवी गटेनं विशीत प्रोमिथियसवर कविता लिहिली, ती 1785 मध्ये त्याच्या परवानगीविना छापली गेली. तिथे खडक नाही, कोरस नाही. तो बसून आपल्यासारखी माणसं घडवतो आणि झ्यूसला तुच्छ लेखतो. तुझा मसुदा या कवितेच्या सर्वांत जवळचा. कविता म्हणून ती जबरदस्त आहे, पण रंगमंचावर एवढ्यानं भागत नाही.

इंग्रज कवी शेलीचं ‘प्रोमिथियस अनबाउंड’ हे काव्यनाट्य 1820 चं. जुलमी आणि त्राता यांचा समेट त्याला मान्य नव्हता, तसं त्यानं प्रस्तावनेत लिहिलं आहे. पण पहिल्याच अंकात त्याचा प्रोमिथियस, पूर्वी आपण ज्युपिटरला (झ्यूसचंच रोमन नाव) दिलेला शाप ऐकायला मागतो, आणि तो शाप ज्युपिटरच्याच छायेच्या तोंडून उच्चारला जातो. आपला द्वेष जुलम्याच्या तोंडात शोभून दिसतो आहे, हे तिथे डोळ्यांसमोर येतं. मग तो शाप मागे घेतो, कुठल्याच जिवाला यातना होऊ नयेत म्हणतो. समेट न करता द्वेष सोडणं फार अवघड आहे. तुझ्या शेवटच्या भाषणातले शाप एकदा झ्यूसच्या आवाजात मोठ्यानं वाचून बघ.

त्याची बायको मेरी शेली हिनं ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, तुझ्याहून लहान. 1818 मध्ये ती निनावी छापली गेली, ‘आधुनिक प्रोमिथियस’ या उपशीर्षकासह. तिचा व्हिक्टर जीव घडवतो आणि त्याला टाकून पळतो. मूळ प्रोमिथियस माणसांना अंक, अक्षरं, औषधं, नौका असं सगळं शिकवत बसला होता. या फरकात तिची सगळी टीका सामावली आहे. काफ्काचा प्रोमिथियसवरचा मजकूर जेमतेम पानभर आहे, पण त्यात कथा थकून जाते: देव थकतात, जखडलेल्या प्रोमिथियसचं यकृत खाणारे गरुड थकतात, जखमही थकून मिटते, उरतो न उलगडणारा खडक. पाहणारे उरले नाहीत की बंडाचं काय होतं, ते तिथे वाच.

एक गोष्ट मात्र काढच. तिसऱ्या पानावर तू ऋग्वेदातला मातरिश्वा आणला आहेस. तोही अग्नी आणून भृगूंना देतो, हे खरं. पण त्यासाठी त्याला कुणी खडकाला जखडत नाही, तिथे बंडच नाही. आपल्याकडचं नाव आलं म्हणून प्रेक्षक जवळ येतील असं वाटत असेल, तर ते काम हिफेस्टस जास्त चांगलं करील. वरून आलेला हुकूम मनाविरुद्ध पाळणारा कारागीर कुणालाही ओळखता येतो.

तेव्हा आधी भाषणं काप, त्यातून दहाएक मिनिटं सुटतील. ती आयोला दे. तिचा प्रवेश पूर्ण झाला की तेवढाच पाठव, बाकीचं नंतर बघू. हिफेस्टसच्या भूमिकेसाठी आवाजापेक्षा हातांचं काम जमणारा नट शोध, आणि तालमीत पहिल्या दिवसापासून त्याच्या हातात खरा हातोडा दे.