सोलापुरात घर घ्यावे का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गिरण्या कधीच बंद पडल्या, यंत्रमाग भंगारात चालले आहेत, शिकलेली पोरे पुण्याला जाताहेत. अशा गावात घर घ्यावे का, आणि घेतले तर काय तपासावे, हे मला सतत विचारले जाते. मिळकतीचे कागद तपासणे हे माझे रोजचे काम. वारंवार येणारे काही प्रश्न इथे एकत्र घेतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहे, पत्नी खासगी शाळेत शिकवते. दोघांचे मिळून ४२,००० येतात. ३० लाखांचा फ्लॅट पाहिला आहे, २४ लाख कर्ज मिळेल. सध्या भाडे ८,००० देतो. घ्यावा का?

भाव वाढेल म्हणून घेत असाल तर घेऊ नका. राहायला घेत असाल तर आधी हिशेब मांडा. २४ लाख, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षे. हप्ता बसतो सुमारे २०,८००. म्हणजे भाड्याच्या अडीचपट आणि घरात येणाऱ्या पैशांचा निम्मा. एकाच धंद्यावर जगणाऱ्या गावात आणखी एक धोका असतो. कारखान्याची एक पाळी बंद झाली की तुमचा पगार अडकतो आणि त्याच महिन्यात फ्लॅटचे गिऱ्हाईकही नाहीसे होते, कारण तेही त्याच धंद्यावर पोट भरणारे असते. १८७७ ची जुनी मिल काय किंवा नंतरची लक्ष्मी-विष्णू काय, भोंगा थांबल्यावर आसपासच्या वस्तीचे काय झाले ते तुमच्या वडीलधाऱ्यांना विचारा. हप्ता एकाच्या पगारात बसेल असे लहान घर बघा आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय सही करू नका. त्या इमारतीत पाणी किती दिवसांआड येते आणि टँकरला महिन्याला काय पडते, हे बिल्डरला न विचारता तिथल्या रहिवाशांना विचारा. पगाराच्या स्लिपा घेऊन बँकेत बसा आणि मगच ठरवा.

महापालिकेचा कर उतारा विकणाऱ्याच्या नावावर आहे. मालकी सिद्ध होते ना?

नाही, तो कर कोण भरतो एवढेच सांगतो.

घर पत्नीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात सूट मिळते का?

निवासी घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर एक टक्का सूट मिळते. अटी दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे दस्तनोंदणी होते तिथे, विचारून घ्या.

पूर्व भागात जुने घर मिळते आहे, बाजारभावापेक्षा बरेच स्वस्त. मूळ मालक वारले. धाकटा मुलगा तिथे राहतो, एक भाऊ पुण्यात, एक भिवंडीत, बहीण हैदराबादला. एजंट म्हणतो, 'सध्या बॉण्डवर लिहून घेऊ, ताबा घ्या, खरेदीखत नंतर बघू.' काय करावे?

एक रुपयाही देऊ नका. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच व्यवहाराची. काम सुटले, माणसे गाव सोडून गेली आणि घराचे कागद आजोबांच्या नावावरच राहिले, अशी घरे पूर्व भागात गल्लोगल्ली आहेत.

नगर भूमापन कार्यालयातून त्या घराचे मालमत्ता पत्रक काढा. बहुधा त्यावर अजून वारलेल्या माणसाचेच नाव असेल. वारसनोंद झालेली नसेल तर ती आधी झाली पाहिजे, आणि त्यात आई हयात असेल तर तिचे आणि बहिणीचेही नाव आले पाहिजे. 'बहिणीचे लग्नात सगळे झाले, तिचा काय संबंध' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता संताप येतो. हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला १९५६ पासून मुलाइतकाच वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत याच कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने तिला जन्मतः हक्क मिळाला. लग्नातल्या खर्चाने तो जात नाही.

धाकट्याने एकट्याने विकले तर तुम्हाला फार तर त्याचा अविभक्त, म्हणजे वाटणी न झालेला, हिस्सा मिळतो. राहत्या घराचा हिस्सा बाहेरच्याने विकत घेतला तर त्याला घरच्यांबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ तेच सांगते. मग उरतो वाटपाचा दावा, आणि त्यातही बाकीच्या वारसांना तुमचा हिस्सा मूल्यांकनाने विकत घेण्याची मागणी करता येते. पैसे तुमचे गेले, वर्षे तुमची गेली आणि घर त्यांचेच राहिले.

आता 'बॉण्ड'. शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. पाचशेच्या स्टँपवर नोटरीचा गोल शिक्का मारला म्हणून मालकी येत नाही. नोटरी सही कोणी केली एवढेच सांगतो. साठेखत (पुढे विकण्याचा करार), मुखत्यारपत्र अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. एजंटाला हे पक्के ठाऊक असते. त्याची दलाली ताब्याच्या दिवशी मिळते, खरेदीखताच्या दिवशी तो सापडत नाही.

पुण्यात कागदाला थोडी खोट असली तरी कोणीतरी घर घेतो. इथे तसे गिऱ्हाईक मिळत नाही. उद्या तुमच्याकडून घर घेणारा कर्ज काढूनच घेणार, आणि बँकेने कागद परत केले की घर तुमच्या गळ्यात. म्हणून सर्व वारसांच्या सह्यांचे खरेदीखत करा, किंवा बाकीच्यांकडून धाकट्याच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी करून घ्या. ३० वर्षांचा सर्च, म्हणजे त्या घराच्या जुन्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध, काढा. जाहीर नोटीस सोलापूरच्या वर्तमानपत्रात तर द्याच, पण बहीण जिथे राहते तिथेही द्या. पुण्या-भिवंडीच्या भावांशी तुम्ही स्वतः बोला, एजंटामार्फत नको. हे सगळे वकिलाकडून तपासून घ्या, आणि तो वकील विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

विमानतळ सुरू झाल्यामुळे होटगी रोडकडच्या प्लॉटचे दर दोन वर्षांत दुप्पट होतील असे जाहिरातीत आहे. खरे का?

कोणालाही माहीत नाही, जाहिरात देणाऱ्यालाही नाही. विमानांना अडथळा ठरणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली आणि गोव्याचे विमान जून २०२५ मध्ये उडाले. त्याआधी कित्येक वर्षे याच विमानतळाच्या नावाने प्लॉट विकले जात होते. जाहिरातीतला 'प्रस्तावित' हा शब्द दिसला की त्या गोष्टीची किंमत शून्य धरा. 'शेवटचे दोन प्लॉट उरलेत' हे विक्रीचे तंत्र आहे, त्याला भुलू नका. प्लॉटचे मंजूर रेखांकन (नकाशा), जमीन बिगरशेती झाल्याचा कागद आणि महारेराचा, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, क्रमांक मागा. क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. नोंदणीकृत करार होण्याआधी प्रवर्तकाला (बिल्डरला) दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जो मागतो, त्याच्याकडून उठून या.

खाली बंद पडलेला यंत्रमागाचा शेड आणि वर राहते घर, असे एकत्र घेत आहोत. काही वेगळे बघायचे का?

हो, वीजबिल. शेडच्या जोडणीची थकबाकी जुन्या मालकाची असली तरी नव्या जोडणीच्या वेळी ती तुमच्याकडे मागितली जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशी वसुली मान्य केली आहे. ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या कार्यालयात जा आणि थकबाकी नसल्याचे लेखी घ्या. शेडच्या नावावर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आहे का, तेही शोधा. वर्षानुवर्षे माग चालले असतील तर वरच्या मजल्याच्या भिंती आणि तुळया स्थापत्य अभियंत्याला दाखवा. रंग नुकताच दिलेला असेल तर नक्कीच दाखवा.

फ्लॅटसाठी ५१,००० टोकन दिले, साधी पावती आहे. दोन वर्षे झाली, बिल्डर ना करार करतो ना पैसे देतो. 'पुढच्या महिन्यात' म्हणतो. थांबावे का?

दोन वर्षे थांबलात हेच फार झाले. आता फोन बंद आणि जे काही ते लेखी, स्पीड पोस्टाने. अशा दाव्यांना साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते आणि ती कोणत्या दिवसापासून मोजायची हे पावतीवरच्या मजकुरावर ठरते. महारेराकडे जायचे की दिवाणी न्यायालयात, हेही त्या पावतीवर आणि प्रकल्पाच्या नोंदणीवर अवलंबून आहे. बँकेचा उतारा आणि आलेले मेसेज छापून घ्या, आणि मूळ पावती घेऊन याच आठवड्यात वकील गाठा.